पानं वंदनानं मांडली होती, दादा

प्रिय दादा,

उद्या तुझ्या कॉलेजात तुझी शोकसभा आहे. नेटवर्किंगच्या प्रयोगशाळेला तुझं नाव देणार आहेत आणि मुख्य भाषण माझं. भाषण लिहून तयार होतं. आज दुपारी फाडलं, म्हणून हे पत्र.

आठवतं, नालवाडीच्या घरी तू मला समजावलं होतंस? संगणकांना एकमेकांशी जोडणारे स्विच, पण संगणकाच्या आतच तयार होणारे, हाताला न लागणारे. मुलांच्या प्रात्यक्षिकाला असे पाचशे लागायचे. संगणक एक स्विच बनवायचा, तो चालू होईपर्यंत थांबायचा, मग दुसरा. सगळी सकाळ त्यातच जायची!

तू म्हणालास, "माये, विहारातल्या पंगतीत एकाचं जेवण होईस्तोवर दुसऱ्याले थांबवते का कोणी? सगळ्यायची पानं एका दमात मांडाची, मंग वाढाचं." तसे पाचशे स्विच एकाच हुकमात मागायचे, थांबायचं एकदाच.

केवढी भाळले मी! रोहण्यापासून सिंदी मेघेपर्यंत आपल्या चळवळीच्या प्रत्येक सभेत सांगितलं, "माझ्या भावानं हे एकट्यानं शोधलं." आणि तू पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतास.

आज वंदना आली, तुझ्या प्रयोगशाळेतली सहायक. "ताई, मले काई मान नाई पाह्यजे. फक्त उद्या 'एकट्यानं' म्हणू नोका."

"काऊन नोको म्हणू?" मी चिडलेच.

तिनं मोबाईल पुढे केला. तुझाच निरोप: "वंदना, तुह्या युक्तीनं पाचशे स्विच झाले पाह्य! चहा थंडा होयाच्या आत!"

"आणि ते पंगतीचं?"

"तेबी मीच सांगतलं. सरले आधी समजूनच नोतं राह्यलं ना!"

दादा, कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, या चोरीविरुद्ध बोलायला मला तूच शिकवलंस. मी मुठी आवळून तेच बोलायचे, तेव्हा तुझी मान खाली जायची का रे? मला आठवत नाही. जात असावी, असं फार वाटतं.

एकदा तरी सांगायचं होतंस! माझी माया कमी झाली असती का? माझ्याच तोंडून खोटं वदवलंस, आणि आता भांडायलाही जागेवर नाहीस.

उद्या वंदनाला पहिल्या रांगेत बसवीन, तुझ्याच खुर्चीत. "हे हिनं शोधलं, मी चुकीचं सांगत आले," असं माइकवर म्हणेन, तुझ्या फोटोकडे बघत. टाळ्या तिच्यासाठी वाजतील.

मग घरी येऊन तुझ्यासाठी रडेन. त्याआधी नाही.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
माया