रजेसाठी चौदा पानं

२ मार्च
बाळ चार दिवसांत येणार! ज्या ताईंच्या पोटात आमचं बाळ वाढतंय, त्यांची तब्येत उत्तम. सरोगसीची कोर्टकचेरी, विमा, दवाखाना सगळं बायकोने पाहिलं. मी मार्गदर्शन केलं. आता माझी पाळी. पितृत्व रजा, पंधरा दिवस. ऑफिसच्या नियम विभागात अठरा वर्षं काढली आहेत, हा तर हातचा मळ. बायकोला म्हटलं, बाळाचं सगळं मीच बघणार. ती नुसतं बरं म्हणाली. भारावली असावी.

३ मार्च
घात झाला. नियमात ‘पत्नीच्या प्रसूतीनिमित्त’ असं आहे. माझी पत्नी प्रसूत होणारच नाही! असलं वाक्य कोणत्या गाढवाने लिहिलं म्हणून जुनी फाईल काढली. मसुदा माझा. त्या काळी तो उत्तमच होता.
रजा बघणाऱ्या बाई म्हणाल्या, साधा फॉर्म भरा, मी सही घेते. साफ नकार दिला. मेहरबानी नको, हक्क हवा. निवेदन लिहितो.

६ मार्च, सकाळी ७
मुलगी झाली!! ताई सुखरूप. बायको तिथेच आहे. पहिला परिच्छेद हातावेगळा करून लगेच निघतो.

संध्याकाळी ६
भेटीची वेळ संपलेली. काचेतून पाहिलं. नाक हुबेहूब माझं. नर्स म्हणाली, ते दुसऱ्यांचं बाळ.

१० मार्च
बायकोने तिच्या मुख्याध्यापिकेला फोनवर विचारलं आणि तिची रजा मंजूरसुद्धा झाली. तत्त्वाची लढाई वगैरे काही नाही. असो.
पान नऊ. ‘प्रसूती’ची व्याख्या. रजा नसताना घरी बसणं नियमात बसत नाही, म्हणून रोज ऑफिस. सासूबाईंनी विचारलं, जावई कुठे असतात? बायको म्हणाली, रजेच्या तयारीत.

१५ मार्च
चौदा पानं, सहा परिशिष्टं. सादर केली. साहेबांनी न वाचता दोन्ही हातांनी तोलून पाहिली.
घरी मुलीला घ्यायला गेलो तर नुकतीच झोपलेली. सासूबाईंनी डोळे वटारले. उद्या नक्की.

२१ मार्च, दुपारी ४
जिंकलो! नियम बदलला. ‘अपत्याच्या आगमनानिमित्त’, शब्द न् शब्द माझा. रजा मंजूर, जन्मतारखेपासून पंधरा दिवस.
बाईंनी बोटं मोजली. म्हणाल्या, ती काल संपली. पुढे ढकलता येत नाही, तसं कलम आहे. ते कोणी लिहिलं, हे पाहायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी ७
बायकोला आदेश दाखवला. तिने वाचला, घडी घातली आणि मुलीला माझ्या हातात दिलं. एवढीशी. मुलीने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि टाहो फोडला. बायको म्हणाली, ती आवाज ओळखायला लागली आहे. आईचा, आजीचा, ताई रोज फोनवर बोलतात त्यांचासुद्धा.
फार वाईट वाटलं. हळूच म्हटलं, अगं, मी बाबा.
आणखी जोरात रडली.