सलिलला बर्फात गाडायचा प्रयोग

६ जानेवारी
कॉलेजच्या सेमिनारला प्रमुख पाहुणा कोण, तर सलिल! एकेकाळी माझ्याच वर्गातला. माझ्या जागी अंटार्क्टिकाला जाऊन आलेला. मला बोट लागते हे निवड समितीला त्यानेच सांगितलं असणार. (ओकारी चाचणीच्या बोटीवर समितीसमोरच झाली, पण तो मुद्दा वेगळा.) पंधरा वर्षं थांबलो. आता सोडत नाही. उद्यापासून पहाटे उठून तयारी.

७ जानेवारी
उठायला साडेनऊ. पण त्याचा पेपर वाचला. म्हणे, ध्रुवाकडच्या भागात उन्हाळ्यात वितळलेलं पाणी बर्फात मुरतं आणि अख्खा हिवाळा आत पाणीच राहतं. का, तर वर पडलेल्या जाड बर्फाची गोधडी होते. बर्फाची गोधडी! एकटाच हसलो. वर उणे तीस असताना पाणी गोठणारच. फिजिक्स शिकवतो मी. स्वतःचं कॉम्प्युटर मॉडेल करून त्याचं तोंड बंद करणार.

९ जानेवारी
माझ्या मॉडेलमध्येही पाणी गोठत नाहीये. लॅपटॉप जुना आहे.

१० जानेवारी
कॉम्प्युटर गेला खड्ड्यात. प्रत्यक्ष प्रयोग! मिरकरवाडा बंदरातून मासळीचा थर्माकोलचा खोका आणायचा. त्यात बर्फाचा चुरा, चुऱ्यावर रंगपंचमीच्या उरलेल्या रंगाचं गुलाबी पाणी, वर पुन्हा चुरा. मग खोका बर्फ कारखान्याच्या कोल्ड रूममध्ये. सेमिनारला स्टेजवर उलटा करायचा. गुलाबी ढेप पडली की सलिल संपला.
कुसुम म्हणाली, तो खोका घरात आणायचा नाही, आणि अहो, त्याला सरळ फोन का नाही करत? बायकोला सूड कळत नाही.

१३ जानेवारी
खोका ठेवला. कारखान्यातल्या गंगारामने विचारलं, मास्तर, ह्यात म्हावरा कुठाय? म्हटलं, मोठा मासा गाडतोय. सुरमय काय, म्हणाला.

१४ जानेवारी
सलिलचा मेसेज: तिळगूळ घे, गोड बोल. डोकं फिरलं. तडक कारखान्यात गेलो आणि खोक्यात आणखी चुरा ओतला. घमेल्यावर घमेलं. प्रत्येक घमेलं सलिलच्या डोक्यावर पडतंय असं वाटत होतं. फार बरं वाटलं. झाकण बसेना, म्हणून काढूनच टाकलं.

१६ जानेवारी, सकाळ
आज सेमिनार. इस्त्रीचा शर्ट. आरशासमोर वाक्य पाठ केलं: सर, हे घ्या तुमचं पाणी.

१६ जानेवारी, संध्याकाळ
वाक्य म्हटलं. खोका उलटा केला. वरचा चुरा कडक होऊन पडला. मागोमाग पाणी. गुलाबी. भरपूर. प्राचार्यांच्या फायलींवर, सलिलच्या पँटवर, बुटांत. हॉलभर बांगड्याचा वास.
सलिलने मिठीच मारली. म्हणाला, दत्त्या, लोकांना समजावून थकलो रे, इतकं सोपं मलाही जमलं नव्हतं. वर गोधडी जाड घातलीस, तिथेच जिंकलास. टाळ्या थांबेनात.
मी गुन्हेगारासारखा उभा. त्यांना वाटलं, किती हा विनय.

१९ जानेवारी
सलिलचा मेल. पुढच्या मोहिमेसाठी माझं नाव दिलंय आणि ते पक्कंही झालंय. दोन आठवडे बोटीचा प्रवास. माणसाने किती डूख धरावा! कुसुम आळीभर सांगत सुटली आहे, आता नाही म्हणायची सोय नाही.
ठीक आहे. जाणार. तिथे जाऊन त्याचं सगळं खोटं पाडणार. आजपासून रोज सराव.

१९ जानेवारी, दुपार
मिरकरवाड्याला ट्रॉलरवर जाऊन बसलो. ओकलो. ट्रॉलरवर बर्फ द्यायला आलेल्या गंगारामने पाठ चोळली.
ट्रॉलर जेटीला बांधलेला होता.