बॉयलर दुरुस्त होईपर्यंत

शुक्रवार, ९ मार्च

विल्फ आला. पाच वाजता, मासे-बटाट्यांचा पुडा घेऊन. त्यात नवल नाही, गेल्या चार वर्षांत त्याचा एकही शुक्रवार चुकलेला नाही. नवल होतं ते बॅगेचं! म्हणे, "बॉयलर गेला गं बेरिल. घर नुसतं गारठलंय. दुरुस्तीवाला येईपर्यंत दोन रात्री तुझ्या सोफ्यावर पडू का?"

आता नाही कसं म्हणायचं? पंचाहत्तरीचा माणूस. थंडीनं काही झालं तर पाप माझ्या माथी.

बॅगेतून काय निघालं — पायजमा, स्लिपर, स्वतःचा मग, आणि बापाच्या वेळचं ते पितळी हवामानयंत्र. "हे कशाला आणलंस?" तर म्हणे थंडीनं बिघडेल. हवामानयंत्र! थंडीनं! मासा मात्र आज छान कुरकुरीत होता.

रविवार, ११ मार्च

दुरुस्तीवाला आला नाही.

बुधवार, १४ मार्च

विल्फ म्हणे, "बॉयलरचा कुठलासा भाग मिळत नाहीये, जर्मनीहून मागवलाय." जर्मनीहून चालत निघालाय वाटतं तो भाग!

विल्फ घोरतो. चहात तीन चमचे साखर घालतो. पण भांडी घासतो, तीही न सांगता. रॉयनं एकोणचाळीस वर्षांच्या संसारात एक बशी विसळली नव्हती, देव त्याचं भलं करो. आज सकाळी उठले तर ओटा लख्ख. मी तिथेच उभी राहून दोन मिनिटं नुसती बघत राहिले.

शनिवार, १७ मार्च

स्वयंपाकघराच्या खिडकीत आता टोमॅटोची रोपं आहेत. बावीस. "इथे ऊन चांगलं येतं," एवढंच म्हणाला.

आवारात कपडे वाळत घातले होते. समोरच्या फ्लॅटमधली नोरीन तिच्या दारातून ओरडली, "काय गं बेरिल, रॉयच्या विजारी अकरा वर्षांनी वाळताहेत वाटतं!" सगळ्या आवारानं ऐकलं. मी म्हटलं, "पाहुण्याच्या आहेत." तर म्हणते, "पाहुणा आठ दिवसांनी पाहुणा राहत नाही हो. कौन्सिलला कळवलंस का? नाहीतर दुसरं कुणी कळवेल!"

भवानी! पण घरात आले आणि खणातून भाड्याच्या मदतीचं कौन्सिलचं पत्र काढलं. दरवर्षी येतं, दरवर्षी न वाचता ठेवते. आज चष्मा लावून वाचलं. घरात कुणी राहायला आलं, कुणी गेलं, जोडीदार आला — एका महिन्याच्या आत कळवा. न कळवल्यास... पुढचं दोनदा वाचलं आणि पत्र उलटं करून ठेवलं.

सोमवार, १९ मार्च

कौन्सिलला फोन केला. चाळीस मिनिटं तीच ती पिपाणी ऐकली. मग शाझिया नावाची मुलगी आली. आवाज गोड.

म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारतेय." म्हणाली, "हो, विचारा ना."

मग तिनंच मला विचारायला घेतलं. बाजार कोण आणतं? कपडे एकत्र धुतले जातात का? जेवण एकत्र होतं का? आजूबाजूचे लोक त्यांना जोडपं समजतात का? मी म्हटलं, "आजूबाजूचे लोक विजारी मोजतात!" ती खुदकन हसली. मग म्हणाली, "जोडपं असेल तर दोघांचं पेन्शन एकत्र धरतात. मदत कमी होईल. किती, ते कागद बघूनच कळेल. तुमच्या मैत्रिणीला सांगा, महिना उलटू देऊ नका... मिसेस हेग."

मी नाव सांगितलंच नव्हतं! की सुरुवातीलाच सांगितलं होतं? म्हातारपण, दुसरं काय.

बुधवार, २१ मार्च

झोप नाही. मदत फार कमी झाली तर हा फ्लॅट काही झेपायचा नाही. सव्वीस वर्षं इथे काढली. मग काय, लेकीकडे, डेनिसकडे, स्विंडनला, त्या मागच्या खोलीत, तिच्या व्यायामाच्या यंत्राशेजारी. पोरगी चांगली आहे, पण तिथे चहासुद्धा विचारून करावा लागतो.

आणि हे सगळं कशासाठी? तो आपण होऊन एक शब्द बोलेल तर शपथ! जोडपं आहोत का? मला काय माहीत! त्याला विचारावं, तर म्हणेल, "बॉयलर दुरुस्त झाला की जातो गं." ते ऐकायचं नाहीये मला. झालं, लिहून टाकलं एकदाचं.

शनिवार, २४ मार्च

सांगितलं. नाश्त्यालाच सांगितलं. "विल्फ, आता तू घरी जावंस. बॉयलर असो-नसो. कौन्सिलचा घोळ होतोय." वाटलं होतं वाद घालेल. नुसता "बरं" म्हणाला. बशी धुतली. बॅग भरली. दारात थांबून म्हणाला, "टोमॅटोंना रोज पाणी नको, एक दिवसाआड."

हवामानयंत्र भिंतीवरच राहिलं. विसरला की ठेवलं, कोण जाणे. काटा "पाऊस" दाखवतोय. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

रविवार, २५ मार्च

उन्हाळी वेळ सुरू, घड्याळं आज तासभर पुढे करायची, ती ऑक्टोबरात परत मागे. भिंतीवरचं केलं. शेगडीवरचं करायला विल्फ लागतो, ते बटण मला कधीच कळलेलं नाही. म्हणजे आता ऑक्टोबरपर्यंत शेगडी एक तास मागे!

टोमॅटोंचं निमित्त केलं. सहा रोपं खोक्यात घातली आणि विल्फनं भाजीसाठी भाड्यानं घेतलेल्या वाफ्याकडे गेले, म्हटलं त्याच्या खोपटात ठेवून येऊ. खोपटाचं दार ढकललं तर हा आत! अवजारांमध्ये घडीची खुर्ची टाकून, अंगावर घोंगडी, पायाशी स्टोव्ह. आणि बॅग.

"इथे काय करतोस?"

"बटाटे लावायला जरा लवकर आलो."

"पायजम्यात?"

नाक लाल झालेलं. म्हणतो, "घरी फार थंडी आहे गं, बॉयलर नाही ना."

"आणि इथे काय ऊन पडलंय? अरे, मग बोलायचं ना काल! तोंड शिवलं होतं का? अक्कल गहाण टाकलीस की काय!" पाच-दहा मिनिटं अशी झाडली की शेजारच्या वाफ्यातला माणूस फावडं टाकून निघून गेला. मग बॅग मीच उचलली. म्हटलं, "चल घरी. शेगडीचं घड्याळ करायचंय."

उठला. खोकं त्यानं घेतलं. वाटेत म्हणाला, "रोपं एवढ्यात बाहेर काढायची नसतात, बेरिल." मी म्हटलं, "माणसंसुद्धा."

मंगळवार, २७ मार्च

फॉर्म भरला. तो वाफ्यावर गेला होता तेव्हा. मदत कमी तर कमी. बिंगो सोडीन, मांस रविवारपुरतं आणीन. स्विंडनला काही जात नाही.

"तुमच्या घरी कोण राहायला आले?" — लिहिलं. "तुमचे नाते?" — पेन हातात धरून चहा गार होईपर्यंत बसले. भाडेकरू लिहावं? मित्र? शेवटी लिहिलं, जोडीदार. अक्षर शाळेतल्या पोरीसारखं तिरकं आलं.

मग, "बदल कोणत्या तारखेपासून?" ही आली का पंचाईत! बॅग आली ती तारीख? ओटा लख्ख झाला ती? पुन्हा शाझियाला फोन. "मैत्रिणीनं कोणती तारीख लिहावी?" म्हणाली, "जेव्हापासून दोघं जोडीनं राहायला लागले ती, मिसेस हेग. तिच्या मनाला विचारून खरी लिहा म्हणावं." पंचवीस मार्च लिहिलं. पेटीत टाकून आले.

त्याला सांगितलेलं नाही. जोडीदार म्हणून सरकारदरबारी नोंदवून टाकलं माणसाला, आणि त्याला पत्ता नाही! घाबरून पळाला म्हणजे?

शुक्रवार, ३० मार्च

गुड फ्रायडे. त्यानं मनुकांचे पाव आणले, भाजले, लोणी लावून हातात दिले. आज सांगायचंच ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि विचारलं, "अजून एक आहे का?"

सोमवार, २ एप्रिल

नाही सांगितलं. गाढव आहे मी.

बुधवार, ४ एप्रिल

कौन्सिलचं पत्र आलं. पत्ता माझा, नाव त्याचं. उघडायला नको होतं. उघडलं.

"श्री. सग्डन, आपले ५ मार्चचे पत्र मिळाले. उत्तरास विलंब झाल्याबद्दल क्षमस्व. ९ मार्चपासून आपण मिसेस बी. हेग यांच्या घरी, त्यांचे जोडीदार म्हणून राहणार असल्याची नोंद घेतली आहे. आपल्या जुन्या कौन्सिल फ्लॅटच्या किल्ल्या २३ मार्च रोजी आमच्याकडे जमा झाल्या."

तीनदा वाचलं. मग उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून बघितलं. पाच तारीख सोमवार. बॉयलर बिघडला म्हणे शुक्रवारी, नऊला.

आणि चोवीस तारखेला मी त्याला घरी जा म्हटलं, तेव्हा त्याला जायला घर नव्हतं. "बरं" म्हणाला आणि टोमॅटोंचं पाणी सांगून गेला.

फाटक वाजलं. आलाच. वाफ्यातल्या रुबार्बची जुडी आहे हातात. पत्र त्याच्या मगाला टेकवून ठेवलंय. विचारणार आहे, "काय रे, जर्मनीहून आला का तो भाग?"