सात-चारची हजेरी

४ फेब्रुवारी ९९, गुरुवार

मशीनचं घड्याळ आजही बरोबर. म्हणजे चार मिनिटं पुढं. म्हणजेच बरोबर.

हे लिहून ठेवतोय, कारण डोक्यातून जात नाही. पहाटे पाच ते सहा लोडशेडिंग. लाइट गेली की ह्या खटारा कॉम्प्युटरचं घड्याळ थेट १ जाने. १९८० ला जाऊन बसतं. आतली बॅटरी मेलीय आणि ती बोर्डालाच डाग देऊन बसवलेली. रोज सकाळी कोणाला तरी हातानं वेळ लावावी लागते. नाही लावली तर मशीनला कळत नाही की फोन कधी आपला आणि कधी घरचा. सात ते नऊ कुपवाडच्या कारखान्यांतली पाच-सहा पोरं फोनवरून ड्रॉइंगच्या फायली नेतात-टाकतात, नऊनंतर फोन घरचा. वेळ चुकली की दिवसभर कोणीही फोन केला तरी त्याच्या कानात मशीन किंचाळतं. साताऱ्याहून ताई शिव्या घालते.

वेळ लावणं हे वडिलांचं, आबांचं काम होतं. आबा जाऊन दोन महिने झाले.

मी साडेसहाला घर सोडतो. मग लावतंय कोण? इतके दिवस फोन नऊला गुपचूप मोकळा होत होता, म्हणून बघितलंच नाही. माझ्यासारखा गाढव मीच.

५ फेब्रु., शुक्र.

चार मिनिटं पुढं. जेवण गेलं नाही.

चार मिनिटांचं कारण दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. आबा माधवनगरच्या मिलमध्ये सत्तावीस वर्षं टाइमकीपर. भोंगा त्यांच्या हातातल्या किल्लीच्या घड्याळावर वाजायचा आणि ते घड्याळ मुद्दाम चार मिनिटं पुढं. "मानूस उशिरा येतोय, म्हून घड्याळानं लवकर यावं." मिल बंद पडली तरी घड्याळ मागं घेतलं नाही. मशीनलाही तीच वेळ. काळ्या पडद्यावर टाइम ७:०४, एंटर. इंग्रजी तेवढंच शिकले, पण ऐटीत करायचे. मी एकदा बॅटरी बदलून आणतो म्हणालो तर म्हणाले, "मग म्या काय करू सकाळच्याला?" राहिलं ते राहिलंच.

आबांनी बावीस प्रतिज्ञा नुसत्या पाठ केल्या नव्हत्या, पाळल्या. भूत म्हटलं की पोट धरून हसायचे. त्यांच्याच बाबतीत माझ्या मनात असलं यावं? शरम वाटते.

६ फेब्रु., शनि.

सुटलो!

आईला सरळ विचारलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, "मी लावती की."

"तुला अक्षरं कुठं येतात?"

"अक्षरं कशाला पायजेत? त्येंची बोटं रोज बघत हुते. हितं, हितं, मंग हितं. आकडे येत्यात मला. त्येंच्या घड्याळात बघून लावती." मग लाटणं ठेवलं. "सात वाजता कुनीच उठून ग्येलं न्हाई त्या खुर्चीत तर घर कसं वाटंल रं?"

तिच्या पदरात तोंड घालून रडलो. एकोणतीस वर्षांचा घोडा. तीही रडली आणि लगेच, "आता एक सून आन," हेही म्हणून झालं.

९ फेब्रु., मंगळ.

जमीरनं कंपनीत एक सीडी दिली. मासिकाबरोबर आलेली. लिनक्स, डॉसच्या जागी घालायची नवी सिस्टिम. "लय भारी हाय गड्या. फुकट हाय. एका टायमाला धा जन काम करत्यात त्याच्यावर. तुझं ते डॉस टाक उकिरड्यावर."

जमीर माझ्या शेजारच्या लेथवर असतो आणि कंपनीच्या ऑफिसातल्या फोनवरून सगळ्यांत जास्त फायली तोच टाकतो. त्याला काय, मशीन माझं.

तरी हात शिवशिवतायत.

१४ फेब्रु., रवि.

सकाळी आठला बसलो, संध्याकाळी सहाला उठलो. तीनदा पुसलं, तीनदा घातलं. पहिल्यांदा मॉडेम दिसेना. दुसऱ्यांदा मॉडेम दिसला तर पडदा काळाठिक्कर. तिसऱ्यांदा दोन्ही आले आणि सीडीचा ड्राइव्ह सीडी वाचेना. जुनं सगळं गेलंच. आबांच्या वेळचंही.

हे आधी सुचायला हवं होतं.

१७ फेब्रु., बुध.

चाललं! दोघांनी एकदम फोनवरून... नाही, फोन एकच आहे. पण एक जण फोनवर असताना मी इथं बसून दुसरं काम करू शकलो. डॉसच्या बापाला जमलं नसतं.

आता कोणीही बसलं की आधी नाव विचारतं, मग पासवर्ड. दोन्ही बरोबर असलं तरच आत घेतं. आई मागं येऊन उभी राहिली.

"ह्यात येळ कुटं लावायची?"

"लावायची नाही आता. पुण्याहून घड्याळाची नवी चिप मागवलीय. आली की वेळ आपोआप. तोवर लाइट आल्यापासून तीन तास मोजून मशीन फोन सोडेल."

तिनं खुर्ची पुसली आणि आत गेली. वाईट वाटलं, पण एवढ्यासाठी जुनंच कवटाळून बसायचं का?

२० फेब्रु., शनि.

लोडशेडिंगनं वात आणला. लाइट अचानक गेली की हे शहाणं परत आल्यावर अख्खी डिस्क तपासत बसतं, आणि मनासारखं झालं नाही तर मध्येच अडून राहतं. सकाळी पोरांना फायली मिळाल्या नाहीत. जमीरला म्हणालो, तुझ्या फुकटच्या मालाची किंमत मला कळली. फिदीफिदी हसला.

२२ फेब्रु., सोम.

ताई घसरून पडली, पाय प्लास्टरमध्ये. आईला साताऱ्याच्या एसटीत बसवून दिलं. आबांचं घड्याळ तिनं हातरुमालात बांधून नेलं. "तितं तरी किल्ली द्यायला पायजे."

घराची दुसरी किल्लीही तिच्याबरोबर गेली. घरी मी एकटा. स्टेशनकडून हळदीचा वास येतोय, गाड्या भरतायत.

२४ फेब्रु., बुध.

चारला घरी आलो. पडदा चालू. रोज लाइट आल्यावर मशीन आपोआप उठतं आणि नाव विचारत थांबतं. आज नाव विचारलं होतं तिथं लिहिलेलं:

टाइम ७:०४

खाली पासवर्डची ओळ, रिकामी. त्याखाली लॉगिन इनकरेक्ट.

तेच तीन वेळा.

२५ फेब्रु., गुरु.

आजही. तीन वेळा, ७:०४.

जमीरला सांगितलं. आधी म्हणाला फोनच्या लाइनीतला कचरा. मी म्हणालो, फोनवरून आलेलं ह्या पडद्यावर दिसत नाही, हे घरच्या कीबोर्डावरूनच आलंय. मग म्हणाला, "तूच करत असशील गड्या. सहाला उठतोस, अर्धा झोपेत असतोस. बापाची याद लय हाय तुला."

असेल. खरंच असेल. साडेसहाला निघायच्या आधी मी काय काय करतो ते आठवायला बसलो. दात, चहा, डबा, कुलूप. मधली दहा मिनिटं भरून येत नाहीत.

२६ फेब्रु., शुक्र.

आज निघताना कीबोर्डवर कव्हर घातलं. आईनं शिवलेलं, जुन्या चादरीचं. घातलं, दोनदा बघितलं, दाराला कुलूप लावलं, कुलूप ओढून बघितलं. सहा बत्तीस.

चारला आलो. कव्हर मॉनिटरवर. घडी घातलेलं. आधी उभी, मग आडवी, टोकाला टोक लावून, वरून हात फिरवलेला.

आई कव्हर काढते तेव्हा खुर्चीवर बोळा असतो. मी खिळ्याला अडकवतो. मिलमधली घडी ह्या घरात एकाच माणसाला यायची.

पडद्यावर तीन ओळी.

बाहेर ओट्यावर येऊन लिहितोय. शेजारच्या काकूंनी विचारलं, "का रं, आत उकडतंय व्हय?" हो म्हणालो.

२८ फेब्रु., रवि.

सुट्टी. साडेसहापासून मशीनसमोर बसलो. खुर्चीत नाही, खुर्ची मोकळी ठेवली. स्टूल घेतलं.

पावणेसात. काही नाही. कव्हर जागच्या जागी. मी स्वतःलाच हसलो. सात वाजायला आले. आणि हाक, "दूऽध!"

पातेलं घेऊन दारापर्यंत गेलो. चार पावलं. दूधवाला म्हणाला, आई कवा येनार? म्हणालो, आठ दिवसांनी. पातेलं घेऊन वळलो.

कव्हर मॉनिटरवर. घडी घातलेलं.

पडद्यावर एकच ओळ होती तेव्हा. मी बघत असताना दुसरी आली नाही. मी तिथंच उभा, दूध हिंदकळत होतं. लॉगिन इनकरेक्ट. पुढं काही नाही. जणू कोणीतरी लाजून थांबलं होतं.

हे मी झोपेत केलेलं नाही. जमीरला सांगणार नाही.

१ मार्च, सोम.

भीती कमी झाली आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं. कालपासून ते आठवतंय.

मी बारावीत होतो. मिलच्या फाटकाला कुलूप लागून आठवडा झाला होता. आई म्हणाली, आबा डबा विसरले, देऊन ये. मला वाटलं कुठं दुसरीकडं कामाला लागले. पत्ता विचारायला फाटकापाशी गेलो तर इस्त्रीचा शर्ट घालून, हातात घड्याळ धरून उभे. फाटकावर नवा वॉचमन, बाहेरगावचा. आबा त्याला म्हणत होते, "आवं, भोंग्याची येळ झाली." तो म्हणाला, "तुमचं नाव यादीत न्हाई." आबांनी परत सांगितलं. त्यानं परत तेच. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, नुसते उभे राहिले. मी डबा न देताच वळलो. त्यांनी मला बघितलं होतं की नाही, कधी विचारलं नाही.

असे किती दिवस उभे राहिले, आईलाही माहीत नाही. मग मी हे मशीन आणलं, त्यांनी वेळ लावायचं काम अंगावर घेतलं, आणि सकाळचा इस्त्रीचा शर्ट परत सुरू झाला.

आणि मी काय केलं? दोन महिन्यांत फाटक बदललं. नावाच्या यादीत जमीर आहे, मी आहे, कुपवाडची पाच पोरं आहेत.

तुमचं नाव यादीत न्हाई.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एक जॉब बाद केला, साहेब ओरडले.

३ मार्च, बुध.

रजा टाकली. सकाळी सातला मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो, मुद्दाम. सव्वासातला आत आलो. तीन ओळी होत्या.

दिवसभर बसलो. नाव विचारणारा जो छोटा प्रोग्राम आहे, तोच बदलला. टाइम हा शब्द आला की पासवर्ड विचारायचा नाही. पुढचा आकडा मुकाट घड्याळाला द्यायचा. जमीर असता तर म्हणाला असता, येड्या, दाराला भोक पाडलंस. पाडलं. चार वेळा चुकलं, एकदा मशीन उठेचना. पाचव्यांदा जमलं.

शेवटी उत्तरादाखल एक ओळ टाकायची होती. काय टाकावं सुचेना. इंग्रजी अक्षरांत पण आपल्या भाषेत टाकली, त्यांना ती अक्षरं वाचता येत नसली तरी: आबा, हजेरी लागली.

संध्याकाळी पुण्याची चिप पण आली. खोकं न उघडता कपाटात ठेवलं.

४ मार्च, गुरु.

साडेसहाला गेलो, चारला आलो. दार उघडायच्या आधी बूट काढले, का कोण जाणे.

टाइम ७:०४. एकच ओळ.

खाली: आबा, हजेरी लागली.

माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी लावून बघितलं. मशीन चार मिनिटं पुढं.

६ मार्च, शनि.

काल, आज, एकच ओळ. कव्हराची घडी. मला आता घरात शिरताना भीती वाटत नाही, असं लिहिणार होतो. वाटते. पण बाहेर बसवत नाही.

आईला काय सांगायचं? ती उद्या येतेय. सांगितलं तर ती ह्या खुर्चीवरून हलणार नाही. नाही सांगितलं तर सात वाजता ती स्वतःच येऊन बसेल, आणि मग...

आबा असते तर म्हणाले असते, सुदा, हे सगळं तुझ्या डोक्यात हाय. बरोबरच म्हणाले असते.

७ मार्च, रवि.

दुपारी आई आली. पिशवी ठेवली, पाणी प्याली, ताईच्या पायाचं सांगितलं. मी काही बोललो नव्हतो. पदरानं तोंड पुसत मशीनजवळ गेली आणि थांबली. मॉनिटरवर कव्हराची घडी तशीच होती. सकाळची. मी हात लावला नव्हता.

तिनं घडीवर हात ठेवला. उचलली नाही. मी म्हणालो, "आई..."

"आसू दे," म्हणाली.

मग हातरुमाल सोडला आणि आबांचं घड्याळ त्या घडीवर ठेवलं. टिकटिक ऐकू येत होती. चहाला आधण ठेवायला निघाली.

मी म्हणालो, "किल्ली? रोज तू देतेस ना?"

आतूनच म्हणाली, "आता मी कशाला? त्येंचं ते देतील की."

आज सकाळी साताऱ्यात तिनं किल्ली दिली होती. ते घड्याळ एका किल्लीत दीड दिवस चालतं. म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत. मी देणार नाही. ती देणार नाही म्हणाली.

उद्या साडेसहाला निघायचं आहे. परवाही. परवा चारला आलो की आधी टिकटिक ऐकीन.