रावजीकाकांचा डावा कौल

रत्नागिरी, १२ जानेवारी २००३

ती. स्व. रावजीकाका यांस दिशाचा सा. न. वि. वि.

प्रोस्टेटची गाठ दोन वर्षांपूर्वीच काढली, मग तोच कॅन्सर टाक्यांच्या जागी कातडीवर कसा आला? बाबांनी विचारलं. मी घरातली पहिली बी.एस्सी., पण मीही डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर म्हणाले, असं क्वचितच होतं. बेंबीखालच्या व्रणात तीन कडक गाठी आहेत. तुकडा तपासून खात्री केली आहे.

हा रोग पुरुषांच्या हार्मोनवर पोसतो, म्हणून दोन्ही वृषणं काढायची आहेत. रोग जाणार नाही, पण दबेल. उशीर केला तर हाडांत उतरेल. काकूला सांगा, बाबा बांगड्याचं तिखलं मागतात, म्हणजे तोंडाला अजून चव आहे.

तुमची माया असू द्यावी.
दिशा

पूर्णगड, १७ जानेवारी २००३

चि. दिशास अनेक आशीर्वाद.

गुरवाकडून गावदेवाला कौल लावला. डावा आला. देव नको म्हणतो. धाकट्या मोरूला असा अर्धा करून आणलंस तर बंदरावर आम्ही तोंड कसं दाखवायचं? चार बुकं शिकलीस म्हणून घराची कर्ती झाली नाहीस. कागदावर सही थोरल्या भावाची लागते. शिमगा झाला की येतो, तोवर कोणी हात लावायचा नाही.

ऐकशील तर लोभ आहेच.
रावजी

रत्नागिरी, २३ जानेवारी २००३

ती. स्व. काका यांस सा. न.

पहिल्या ऑपरेशनला उजवा कौल आला होता, तरी रोग पसरला. तेव्हा चुकलं कोण, देव की गुरव? होडीचं इंजिन बंद पडलं तेव्हा तुम्ही मेकॅनिक बोलावला होता, गुरव नाही. इंजिनाची तुम्हाला जास्त काळजी होती, असं मी समजते.

बंदरावर तुमचं तोंड कोणी बघत नाही, काका, मासळी बघतात. आणि कौल लावताना माझ्या बाबांना विचारायचं तुमच्या मनातही आलं नाही. मी तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, होडीत पाणी भरलं की आम्ही मासळीच्या भरल्या टोपल्या दर्यात टाकतो, त्याला कौल लावत नाही. रावजीला सांग, अर्धा असलो तरी जिवंत बरा.

शिमग्यापर्यंत थांबलो नाही. काल सकाळी ऑपरेशन झालं. सही बाबांनी स्वतः केली, आणि नातेवाइकाच्या रेघेवर मी.

लोभ उरला असेल तर राहू द्यावा.
दिशा