सावनीच्या पाहुण्यांसाठी तीन दिवसांचा कार्यक्रम

४ जानेवारी, रविवार. सकाळी ६.१०
सावनी येतेय. चार वर्षांनी. फोन हिला आला, मला नाही. हरकत नाही. सोबत जावई आणि तिच्या ऑफिसमधले कोलकात्याचे सेन नवरा-बायको. त्यांना आपलं शहर दाखवायचंय. म्हणजे काम माझ्याकडेच येणार.
तिचं लग्न मला मान्य नव्हतं. शेतकऱ्याचं घर, आपल्यात न बसणारं. तसं तोंडावर सांगितलं होतं. एकदा बोललेलं मी परत घेत नाही. पण पोरगी दारात आली तर माफ करायला तयार आहे.
संकल्प: १. जावयाचा विषय काढायचा नाही. २. आवाज चढवायचा नाही. ३. तिने माफी मागितली की लगेच ‘राहू दे’ म्हणायचं. आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. जमतं.

६ जानेवारी, मंगळवार
कार्यक्रम तयार. फुलस्केपवर, कार्बन घालून तीन प्रती.
सोमवार: अजिंठा. मंगळवार: वेरूळ, येताना देवगिरी. बुधवार: मकबरा, पाणचक्की, हिमरू शाल. खाणं: इमरती, पेरू, शेवटी पान. नान-खलिया यादीत नाही. मटण असतं त्यात.
ही म्हणाली, एकदा नेटवर बघून घ्या. एकसष्ट वर्षं या गावात काढली, आता मला नेट शिकवणार!
सावनीची खोली रंगवून घेतली. पिस्ता रंग, तिचा आवडता. हिचं म्हणणं, तो तुमचा आवडता.

१२ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी ७
अजिंठा सोमवारी बंद असतं. शंभर किलोमीटर गेल्यावर कळलं. गार्ड म्हणे, साहेब, कैक वर्षांपासून बंदच राहतं. असेल. आमची सहावीची सहल शनिवारी होती.
गाडी जावई चालवत होता. दोनशे किलोमीटर त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. संकल्प १ पाळला.
सगळे क्रांती चौकाजवळच्या हॉटेलात उतरलेत. पाहुण्यांना एकटं कसं सोडू, असं सावनी म्हणाली. खोलीला अजून रंगाचा वास येतोय, त्यामुळे एका अर्थी बरंच झालं.

१३ जानेवारी, मंगळवार
वेरूळ मंगळवारी बंद असतं.
गेटवर थोडा मोठ्याने बोललो. संकल्प २ घरच्यांपुरता होता. सेनसाहेबांनी बंद गेटचा फोटो काढला. सावनी एकदाही रागावली नाही. रागावायला हवी होती. लहानपणी केवढी भांडायची माझ्याशी.
येताना जावयाने छावणीत गाडी थांबवली. नान-खलिया. मी गाडीतच बसून पेरू खाल्ला. मिसेस सेन म्हणाल्या, असं काही आयुष्यात खाल्लं नव्हतं. सावनीनेही खाल्लं. मी काच वर केली.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
मकबरा रद्द. कोणी मला विचारलंही नाही. सगळे करमाडला, व्याह्यांच्या शेतात हुरड्याला. मी पहिल्यांदाच गेलो, तेही निव्वळ पाहुण्यांसाठी.
व्याही कडुबा फाटकापाशीच उभे. म्हणाले, या, लई वर्षं वाट पाहायला लावली. मी म्हटलं, कामं असतात. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, हे त्यांना माहीत नसावं.
गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजून हातावर चोळून देत होते. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. ठीक होतं. चार वेळा घेतलं.
शेतातलं कुत्रं सावनीला पाहून नाचायला लागलं, मग हिच्या पायात घोटाळलं. मुक्या जनावरांना माणसं कळतात.
चहाला आशाबाई, म्हणजे विहीणबाई, उठत होत्या. ही म्हणाली, बसा तुम्ही. आत गेली आणि फळीवरून बरोबर साखरेचा डबा काढला. बायकांना परक्या घरातसुद्धा डबे सापडतात. उपजतच असतं ते.
आशाबाई सांगायला लागल्या की यंदा कणीस उशिरा भरलं, नाय तर पोरगी दर साली... तेवढ्यात हिने त्यांना हळदीकुंकू लावलं.
कडुबांनी तिळगूळ दिला. शुगर आहे म्हणून खिशात ठेवला. म्हणाले, मग बोला तरी गोड. जरा जास्तच सलगी.

१५ जानेवारी, गुरुवार. दुपारी १
गेले. जाताना सावनी घरी आली. दहा मिनिटं. खोली उंबऱ्यातूनच पाहिली, छान म्हणाली. मी माफीची वाट पाहत उभा होतो. ती पाया पडायला वाकली आणि घाईत मी म्हणून टाकलं, राहू दे. ती अर्ध्यातूनच सरळ झाली.
गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत फाटकात होतो. तिने मागे पाहिलं असावं. काचा काळ्या होत्या.

१७ जानेवारी, शनिवार
मिसेस सेननी हिच्या फोनवर यादी पाठवली. या शहरात काय चुकवू नये. एक, करमाडचा हुरडा. दोन, नान-खलिया. माझ्या कार्यक्रमातलं काहीच नाही.
खाली फोटो. आशाबाईंच्या घरातली भिंतीवरची फ्रेम. फ्रेममध्ये चार फोटो, चारही हुरड्याचे. चारही फोटोंत सावनी. शेजारी ही. दरवेळी वेगळी साडी.
हिला विचारलं. म्हणाली, दर वर्षी येते सावनी. चार दिवस राहते करमाडला. आपल्या दारापासून वीस किलोमीटर. जानेवारीत मी भिशीला जाते म्हणायचे, ते तिथेच.
मला का नाही सांगितलं? म्हणाली, तुम्ही एकदा बोललेलं परत घेत नाही ना.
बराच वेळ पिस्ता रंगाच्या खोलीत बसलो. मग हिला विचारलं, सावनीला आवडतो तरी कुठला रंग? म्हणाली, तिलाच विचारा.
फोन हातात घेतला. तिचा नंबर नाही. चार वर्षांपूर्वी मीच काढून टाकला होता.