डावीकडची नळी

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटारदुरुस्ती, आळीत 'मिस्त्री' म्हणून ओळखला जाणारा, आज माझे डोके ठिकाणावर असताना आणि कोणाचा धाक किंवा आग्रह नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. अक्षर वाकडे आले आहे ते हाताच्या कंपामुळे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात 'स्मरणशक्ती उत्तम' असे लिहिले आहे. ती तशी नसती तर हा कागद अर्ध्या पानात संपला असता.

कलम १. याआधी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते सहा ओळींचे होते आणि त्यात मुख्य गोष्ट नव्हती. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. हे काम थोरल्या मुलाला दिले नाही म्हणून त्याने तोंड फुगवू नये. तो शाळेत वर्गच्या वर्ग गणित शिकवतो, पण साधा अर्ज भरायचा म्हटले की त्याला घाम फुटतो.

कलम २. गॅरेजवरचे राहते घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी या दोघांना समान हक्काने मिळावे. घराच्या सर्व दारांच्या चौकटी नेहमीपेक्षा वीतभर रुंद आहेत आणि मोरीला उंबरा नाही. माझ्या पत्नीची चाकाची खुर्ची सगळीकडे फिरावी म्हणून मी त्या तशा करून घेतल्या. तिला खुर्चीत का बसावे लागले, ते कलम ५ मध्ये लिहिले आहे.

कलम ३. हत्यारे. पाने, सॉकेट, इंजिन उचलायची साखळी आणि मोठा व्हाइस शेजारच्या पेंटरला द्यावा. त्याने माझा हवेचा पंप वापरायला नेला, त्याला एकोणीस वर्षे झाली. विचारले की 'तुझाच आहे, मिस्त्री' म्हणतो आणि आणून देत नाही. तो पंप आता अधिकृतपणे त्याचा झाला. माझ्या मेहुण्याला माझ्या हत्यारांतला एक स्क्रूसुद्धा देऊ नये. लग्नात त्याने चारचौघांत माझ्या नखांकडे बोट दाखवून बहिणीला विचारले होते, "हे हात धुतले तरी असेच राहणार का?" तेव्हा माझी बायको म्हणाली, "राहू दे. मला ओळखायला बरे." मेहुण्याला माफ करावे असे ती शेवटपर्यंत सांगत होती. माझ्याच्याने झाले नाही. माफ न करण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे कलम ५ वाचून कोणीही विचारू शकेल.

कलम ४. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ५. गाडी.

गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक मोडकी दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. बुटकी, रुंद, इंजिन सीटच्या मागे. मी सत्तावीस वर्षांचा असताना ती एका फोटोग्राफरकडून भंगार म्हणून घेतली. चासीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, डावीकडची खालची नळी मोडलेली होती. मागचे चाक ज्या आर्मवर टेकते, तो आर्म याच नळीला बोल्टने बसतो. मी ती नळी जोडली. माझ्या आयुष्यातला तो पहिला मोठा वेल्ड. जो येईल त्याला मी खाली वाकायला लावून तो दाखवत असे. पत्नी म्हणायची, "पाहुण्यांना आधी पाणी तरी देऊ द्या."

पुढे त्या गाडीचे मूळ इंजिन तडकले. सुटे भाग कुठेच मिळेनात. गाडी नऊ वर्षे उभी राहिली. तोवर धाकटी मोटारीचे शिक्षण घेऊन माझ्या हाताशी आली होती. खरे तर हाताशी म्हणणे बरोबर नाही, ती माझ्यापुढे गेली होती. एके दिवशी तिने मागून ट्रकने ठोकलेली एक नवी कोरी छोटी गाडी भंगारात हेरली. मागचा भाग चपटा झालेला, पण पुढचे टर्बो इंजिन आणि त्याला जोडलेला ट्रान्सअॅक्सल, म्हणजे गिअरबॉक्स आणि दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल एकाच खोक्यात, अगदी धडधाकट.

"हा अख्खा जोड उचलायचा," ती म्हणाली, "आणि आपल्या गाडीत सीटमागे बसवायचा. तिथे तो पुढची चाकं ओढतो, इथे मागची ढकलेल."

मी म्हणालो, "गाडीचा जीव जाईल."

"बाबा, नऊ वर्षं बंद पडलीय. कुठला जीव?"

कामाला दोन वर्षे लागली. माझ्या उभ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली दोन वर्षे, हे मी शुद्धीत लिहितो. इंजिन टेकायचे नवे माउंट आम्ही आधी पुठ्ठ्यात कापले, मग पोलादात. पाण्याचे पाइप गाडीच्या पोटाखालून पुढच्या रेडिएटरपर्यंत नेले. वायरींचा गुंता धाकटीने जेवणाच्या टेबलावर पसरून एकेक तार सोडवली, आणि तीन आठवडे घरातले सगळे मांडीवर ताट घेऊन जेवले. ट्रान्सअॅक्सलमधून चाकांपर्यंत ताकद नेणारे दोन शाफ्ट नवे करावे लागले, कारण जुन्यांची लांबी जुळेना. माप धाकटीने घेतले. डावा शाफ्ट चारशे बारा मिलिमीटर. मागच्या आळीतल्या टर्नरने त्याच्या कातकामाच्या लेथवर ते घडवले.

इंजिन बसवून झाल्यावर धाकटी एकदा गाडीखाली शिरली आणि हातोडीने नळ्या वाजवू लागली. डावीकडच्या नळीवर खणखणीत आवाज यायला हवा तिथे बद्द आला.

"बाबा, तुमचा वेल्ड आतून गंजलाय."

"तेहतीस वर्षं टिकलाय तो."

"जुन्या इंजिनाला टिकला. याची ताकद दुपटीहून जास्त आहे. इंजिन खाली घेऊ, नळी कापू, नवी घालू. दोन आठवड्यांचं काम आहे. त्याशिवाय गाडी दाराबाहेर काढायची नाही."

मी मान डोलावली. त्यानंतर ती प्रशिक्षणासाठी दोन आठवडे परगावी गेली. दुसऱ्या दिवशी मी नळी खरवडली. गंज होता. सुई आरपार जाईल असे एक भोक होते. म्हणजे मला कळले नाही असे नव्हते. मी तिथे एक पातळ पत्रा चार ठिकाणी डागला, वर पुट्टी भरली, घासली आणि काळा रंग मारला. दुपारच्या जेवणाआधी आटोपले. आपण ज्या वेल्डवर तीस वर्षे छाती फुगवली तो पोरीने एका ठोक्यात खोटा ठरवला, हे मला गिळता आले नाही. दुसरे कारण शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. ते नाही.

ती परत आली आणि तिने विचारले, "नळी बदलली?"

"बदलली."

"इंजिन उतरवलंत एकट्याने?"

"मला काय आज धंदा शिकायचाय?"

ती हसली. खाली वाकून तिने नुसते पाहिले, हातोडी घेतली नाही. माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक.

त्या रविवारी सकाळी मी पत्नीला शेजारी बसवले. ती म्हणाली होती, "या गाडीत मला बसवणार आहात की जन्मभर नुसती पुसायला लावणार?" टेकडीच्या रस्त्यावर मी पाय दाबला. टर्बो फिरला आणि कोणीतरी पाठीत हात घालून पुढे लोटावे तशी गाडी निघाली. पत्नी ओरडली, "अहो, हळू!" पण ती हसत होती. दुसऱ्या वळणावर डावे मागचे चाक आत वळले. आर्म नळीसकट उपटला गेला, शाफ्ट निसटून रस्त्यावर पडला आणि गाडी डाव्या अंगाने दगडी कठड्यावर गेली. मला कपाळावर सहा टाके पडले. तिचा मणका मोडला.

विम्याचा तपासनीस दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा होता. त्याआधी मी नळीचे फाटलेले टोक ग्राइंडरने कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवले. तपासनीसाने तो सुटलेला शाफ्ट हातात घेतला. थोरला, टर्नर, पेंटर, धाकटी, सगळे उभे होते. त्याने विचारले, "हा कोणाच्या मापाचा?"

मी म्हणालो, "पोरीच्या."

एवढेच म्हणालो. शब्द खरा होता. शाफ्ट आखूड होता म्हणून निसटला असे मी कधीच म्हटले नाही, ते सगळ्यांनी आपोआप धरले, आणि मी धरू दिले. इस्पितळाच्या जिन्यात धाकटीने मला पुन्हा विचारले, "बाबा, नळी खरंच बदलली होतीत ना?" मी पुन्हा हो म्हणालो. त्यानंतर कित्येक महिने ती कागदावर तेच माप मांडत बसायची. शेवटी तिने गॅरेज सोडले. आता ती लिफ्ट तपासण्याच्या कंपनीत आहे. थोरला दोन वर्षे तिच्याशी बोलला नाही. पत्नी तिला कधी वाकडा शब्द बोलली नाही, पण धाकटी गाडी घेऊन आली की म्हणायची, "मला रिक्षाच बरी." हे ऐकताना धाकटीचा चेहरा मी पाहत असे आणि खुर्ची ढकलत असे. असे सहा वर्षे चालले. मग पत्नी गेली. त्यालाही पाच वर्षे झाली.

कलम ६. सबब मी जाहीर करतो की सदर अपघात माझ्या चुकीने झाला. गाडी, गॅरेज आणि बिस्किटांचा डबा धाकटीला मिळावा, आणि हे मृत्युपत्र माझ्या पश्चात सर्व नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचले जावे.

येथे मृत्युपत्र संपले, असे मला वाटले होते. दिनांक १७ रोजी टर्नर साक्षीदाराची सही करायला आला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, हे वकीलबाईंनी सांगितले होते. पण गाडीचे नाव दिसताच तो खिशातून चष्मा काढून वाचू लागला. वाचून झाल्यावर पेन टेबलावर ठेवून म्हणाला, "अकरा वर्षं मला वाटत होतं, माझ्या लेथने दगा दिला. मी ते लेथ विकून टाकलं, मिस्त्री."

मला ते ठाऊक नव्हते.

"सही करीन," तो म्हणाला, "पण आधी पोरीला सांग. मेल्यावर काय, कोणीही खरं बोलेल."

म्हणून मी धाकटीला बोलावले. दिनांक २३ रोजी ती आली. मी वाचून दाखवणार होतो, पण तिने कागद ओढून घेतला आणि उभ्यानेच वाचला. कलम ५ तिने दोनदा वाचले.

"म्हणजे माझं माप बरोबर होतं?"

"तंतोतंत."

"चारशे बारा."

"चारशे बारा."

मग ती म्हणाली, "आईला सांगितलंत?"

"नाही."

"शेवटी शेवटीसुद्धा?"

"नाही."

ती खाली बसली. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही. मी माफी मागितली. तिने पेन मागून घेतले आणि कलम ६ वर टेकवले.

"हे 'चुकीने' काय लिहिलंय? चूक कोणाच्याही हातून होते, बाबा. माझ्या हातून झाली असं समजून मी जगलेच की. तुम्ही खोटं बोललात, ते लिहा. आणि हे मेल्यावर वाचायला ठेवू नका. दादाला आत्ता फोन लावा. माझ्यासमोर."

मी फोन लावला आणि थोरल्याला सगळे सांगितले. शेवटी त्याने विचारले, "ती तिथे आहे?"

"आहे."

"तिला द्या."

धाकटी फोन घेऊन जिन्यात गेली आणि दार लोटून घेतले. दोघांचे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. मी विचारलेले नाही. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. फोन टेबलावर ठेवून तिने पर्स उचलली. आमच्या घरात बाहेर पडणारे माणूस 'येते' म्हणते. 'जाते' म्हणू नये असे तिची आई तिला लहानपणापासून सांगत आली. तिने दारात क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिले.

"निघते," ती म्हणाली.

दुरुस्त्या (माझ्या आद्याक्षरांसह):

कलम ६ मधील 'माझ्या चुकीने झाला' हे शब्द खोडले. त्याऐवजी असे वाचावे: 'मी नळी बदलली नाही, बदलली असे खोटे बोललो, पुरावा कापून लपवला, आणि दोष निरपराध मुलीवर व निरपराध टर्नरवर राहू दिला. मुलीचे माप बरोबर होते.'

गॅरेज आणि गाडी घेण्यास मुलीने नकार दिला आहे. गॅरेज विकून येईल त्यातून टर्नरला त्याच्या पसंतीचे लेथ घेऊन द्यावे, असे मी ठरवले होते. तो म्हणाला की साक्षीदाराला वारसा चालत नाही, आणि चालत असता तरी नको. म्हणून लेथ मी जिवंतपणीच घेऊन दिले आहे. ते त्याने अजून सुरू केलेले नाही. गाडी, त्यातले इंजिन आणि ट्रान्सअॅक्सल धाकटी जिथे शिकली त्या तंत्रशाळेला द्यावे. नळीचे कापलेले टोक सोबत द्यावे. त्याला रंग लावू नये.

घरातला निम्मा हिस्सा मुलीने नाकारलेला नाही. त्याबद्दल ती काही बोललीच नाही.

लिहून देणार: मिस्त्री (सही)

साक्षीदार १: टर्नर, मागची आळी (सही). सहीखाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: 'पूर्ण वाचून.'

साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर (सही)

स्थळ: गॅरेजवरची खोली

दिनांक: महिन्याची ३०, दुपारी